आधी पाणी, मग रंग

गेटातून आत शिरलो आणि लांबूनच ती दिसली. बॉयलर हाउसपासून टर्बाइनच्या शेडपर्यंत गेलेली नवी स्टीम लाइन सकाळच्या उन्हात चांदीसारखी लखलखत होती. ॲल्युमिनियम पेंटचा वास अजून गेला नव्हता. गाडीतून उतरायच्या आधीच मी मनात म्हटलं, आजचा दिवस गेला.

पश्चिम महाराष्ट्रातला एक साखर कारखाना. विस्तारवाढ चालू होती. गाळप दुप्पट करायचं, जास्त दाबाचा नवा बॉयलर, नवी टर्बाइन, स्वतःची गरज भागवून उरलेली वीज विकायची. कारखान्यानं नेमलेल्या त्रयस्थ तपासणी संस्थेकडून मी गेलो होतो. साइटवर आम्हाला ‘थर्ड पार्टी’ म्हणतात. लग्नात ना मुलीकडचा ना मुलाकडचा, तरी पंगतीत पुढे बसवावा लागणारा एक पाहुणा असतो ना, त्याच्याकडे जसं बघतात तसं आमच्याकडे बघतात. त्या दिवशी लाइनची हायड्रो होती. पुढच्या आठवड्यात सरकारी बाष्पक निरीक्षक यायचे होते, त्याआधी आमची फेरी. (बॉयलरला ‘बाष्पक’ हा शब्द फक्त सरकारी कागदात जिवंत आहे. तीस वर्षांत एकाही फिटरच्या तोंडून मी तो ऐकला नाही.)

“रंग कुणी मारला?”

“चेअरमनसाहेब काल संचालकांना घेऊन बघायला येणार होते,” साइट इंजिनिअर म्हणाला. “म्हटलं, जरा बरं दिसू दे.”

हायड्रो ही तशी साधी गोष्ट. लाइन पाण्यानं गच्च भरायची, वरच्या तोंडातून हवेचा शेवटचा बुडबुडा काढायचा, मग पंपानं दाब हळूहळू नेहमीच्या दीडपट चढवायचा आणि धरून ठेवायचा. पाणीच का, तर पाणी दाबलं तरी फारसं आक्रसत नाही. कुठे फुटलंच तर एक पिचकारी उडते आणि दाब पडतो. तीच चाचणी हवेनं घेतली तर कोंडलेली हवा बॉम्बसारखी सुटते. दाब धरला की बॅटरी घेऊन एकेका जोडाखाली मान वाकडी करत चालायचं. सुईच्या टोकाएवढं भोक असलं तरी तिथे घामाचा थेंब जमतो. सगळा खटाटोप त्या थेंबासाठी. आणि नेमका तोच थेंब रंगाचा एक हात अडवून धरू शकतो. थंड पाण्यात लाइन पास होते. पुढे आत खरी वाफ आली की ते रंगाचं बूच टिकत नाही.

मी सांगितलं, प्रत्येक जोडावरचा रंग वायर ब्रशनं काढा, धातू दिसेपर्यंत. आधी पाणी, मग रंग. साइट इंजिनिअरचा चेहरा पडला. तासाभरात कंत्राटदाराच्या मॅनेजरनं माझ्या ऑफिसला फोन केला, आणि ऑफिसनं मला. “खरंच गरज आहे का हो?” दोन दिवस रंग खरवडण्यात गेले. ते दोन दिवस मी साइटवरचा सगळ्यात नावडता माणूस होतो. कँटीनमध्ये माझा चहासुद्धा उशिरा यायचा.

तिसऱ्या दिवशी दाब चढवला. एक जोड झाला, दुसरा झाला, वीस झाले, चाळीस झाले. कोरडे ठक्क. मलाच शरमल्यासारखं व्हायला लागलं. मग एका कॉलमच्या मागे, जिथे माणूस सरळ उभा राहू शकत नाही, तिथल्या जोडाच्या मागच्या बाजूला बोट फिरवलं आणि बोट ओलं झालं. एकच. बाकी सगळी लाइन ठणठणीत निघाली, हेही सांगायला हवं. वेल्डरांनी काम उत्तम केलं होतं. तो जोड मात्र आरसा धरून, उलट्या हातानं मारावा लागला होता, कारण कॉलम आधी उभा केला होता आणि लाइन नंतर आली.

संध्याकाळी गेस्ट हाउसच्या पायरीवर बसलो होतो, तर साइटवरचा जुना वेल्डर आला. त्याला सगळे मामा म्हणायचे.

“साहेब, त्यो जॉइंट माझा हुता.”

“असू दे मामा, जागाच तशी आहे.”

“तसं न्हवं. मला ठावं हुतं त्यो कच्चा हाय ते. मारतानाच कळलं. आरशात आग दिसती, धातू दिसत न्हाई.” थोडं थांबून म्हणाला, “पर कुणी इचारलंच न्हाई. फोरमन म्हनला, मामा, रोजचे किती जोड झाले तेवढं सांगा.”

तोवर माझी समजूत अशी, की दोष मी शोधतो. गेज, टॉर्च, आरसा, अल्ट्रासॉनिकचं यंत्र घेऊन फिरतो आणि लपलेलं उघडं पाडतो. मामानं ती उतरवली. दोष बहुतेक वेळा कुणाला तरी ठाऊक असतो. तो वेल्डरला ठाऊक असतो, स्टोअरकीपरला ठाऊक असतो, रात्रपाळीच्या वॉचमनला ठाऊक असतो. फक्त ज्याला सांगायचं तो माणूस त्यांच्या पगारावर, हजेरीवर किंवा तारखेवर बसलेला असतो. बाहेरच्या इंजिनिअरच्या अंगात विशेष काही नसतं, तो एवढंच असतो, बाहेरचा.

वॉचमनवरून आठवलं.

दुसरा प्रकल्प, रसायनांचा. जुन्या कारखान्याला लागून नवं युनिट. तिथे पाइपच्या जोडांची रेडिओग्राफी चालली होती, म्हणजे वेल्डचा एक्स-रे. फक्त किरणांसाठी यंत्राऐवजी इरिडियम-१९२ वापरतात. हे काम रात्री करतात, कारण किरणं माणूस ओळखत नाहीत. परिसर दोरी बांधून रिकामा करावा लागतो, लाल दिवा लावतात, शिट्टी मारतात, मग तो सोर्स बाहेर काढतात. सकाळी माझ्यापुढे फिल्मांचा गठ्ठा आला. बारा जोड, सगळे स्वच्छ, रिपोर्ट टाइप करून तयार. फक्त सही.

फिल्म बघणं हे डोळ्यांचं काम आहे, घाईचं नाही. व्ह्यूअरच्या उजेडात नववी फिल्म धरली तेव्हा काहीतरी ओळखीचं वाटलं. वेल्डच्या वरच्या थराला माशाच्या खवल्यांसारख्या लहरी असतात, आणि दोन जोडांच्या लहरी सारख्या नसतात, अंगठ्याच्या ठशासारख्या. या फिल्मवर त्या लहरींच्या कडेला दोन बारीक ठिपके होते, मान्य होण्याइतके बारीक. तेच दोन ठिपके तिसऱ्या फिल्मवर. तेच सातवीवर. जोडाचा नंबर दाखवणारे शिशाचे आकडे तेवढे बदललेले.

तरी संशयावर कुणाला चोर ठरवता येत नाही. सातवी आणि नववी बाजूला ठेवून मी बाहेर आलो. गेटवर रात्रपाळीचा वॉचमन डबा बांधून घरी निघाला होता. त्याला सहज विचारलं, “काय, रात्री झोप झाली का?”

“कसली झोप साहेब, ती शिट्टी मारतात आणि मला खुर्ची सोडून पार लांब पळवतात.”

“किती वेळा पळवलं?”

“चारदा.” तो हसला. “पण एकेकदा किती वेळ! चहा पिऊन, बिडी ओढून झाली तरी बोलवेनात.”

तेवढ्यात हिशेब जमला. इरिडियमची ताकद ७४ दिवसांत निम्मी होते. त्यांचा सोर्स जुना झाला होता, वाशीच्या ‘ब्रिट’ या सरकारी संस्थेकडून नवा यायचा होता. जुना सोर्स म्हणजे प्रत्येक फिल्मला जास्त वेळ. बारा जोड त्या रात्रीत बसणारच नव्हते, आणि रेडिओग्राफरला सकाळी आकडा दाखवायचा होता. त्यानं एक चांगला जोड निवडला आणि एका वेळी अनेक फिल्म लावून त्याचेच फोटो वेगवेगळ्या नावांनी काढले. मी बाराही जोड पुन्हा घ्यायला लावले, माझ्यासमोर, दोन रात्री जागून. त्यातले तीन कापून नव्यानं मारावे लागले. रेडिओग्राफर मुलगा तिशीचाही नव्हता. रडला. त्याच्या डोक्यावर बसणाऱ्याचं नाव रिपोर्टात कुठेच नव्हतं. वॉचमनला मात्र आपण काय सांगितलं ते आजही ठाऊक नसेल.

बँकेकडून जाणाऱ्या इंजिनिअरचे किस्से वेगळे. तिथे वेल्ड बघायची नसते, पैसा बघायचा असतो. कर्जाचा पुढचा हप्ता सोडण्याआधी बँक विचारते, काम खरंच इतकं झालंय का? एका प्रवर्तकाची दोन गावांत दोन कामं चालू होती. पहिल्या गोदामात यंत्रांच्या लाकडी पेट्या मोजल्या, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गोदामात मोजल्या, आणि मला वाटलं आपण याच पेट्यांना काल नमस्कार केला होता. पुढच्या फेरीपासून मी खिशात खडू ठेवायला लागलो. पेटीच्या तळाला एक बारीक फुली. फुलीसुद्धा रात्रीच्या ट्रकनं प्रवास करते हे त्यातून कळलं.

आता पैशाबद्दल बोलायलाच हवं, कारण ‘त्रयस्थ’ हा शब्द पैशापाशीच अडखळतो. आमची फी कोण देतं? कधी मालक, कधी कंत्राटदार. कंत्राटदार देत असेल तर त्याचं काम नापास करणं म्हणजे त्याच्याच खर्चानं पुन्हा फेरी मारणं, आणि पुढच्या कामाला तो दुसरी संस्था बघणार हे आमच्या ऑफिसला पक्कं माहीत असतं. मालक देत असेल तर बरं, असं वाटतं. पण मालकालाही तारीख असते. शिवाय गेस्ट हाउस त्याचं, गाडी त्याची, जेवणात त्याच्या ड्रायव्हरनं आणलेलं मटण, निघताना शाल-श्रीफळ, आणि एकदा तर घरी पोचल्यावर डिकीत साखरेचं पोतं निघालं. ड्रायव्हर म्हणाला, “सगळ्या साहेबांना देतात.” परत पाठवलं. बायको चार दिवस बोलली नाही, तेव्हा साखर महाग होती.

या धंद्याच्या जन्मापासूनच हा पेच आहे. इंग्लंडात गिरण्यांचे बॉयलर फुटून माणसं मरत होती, तेव्हा १८५४ साली मँचेस्टरच्या वाफ वापरणाऱ्या मालकांनी मिळून एक संघ काढला आणि तपासनीस नेमले. जर्मनीत मानहाइमला १८६५ मध्ये एका ब्रुअरीचा बॉयलर फुटला. पुढच्याच वर्षी तिथल्या मालकांनी तसाच संघ उभा केला. आज आपल्याकडे ज्या टीयूव्ही या तपासणी संस्थेच्या शिक्क्याला वजन आहे, तिचं मूळ तिथलं. त्यातली युक्ती मला फार आवडते. पैसे मालकांचेच, पण सगळ्यांचे एकत्र. तपासनिसाला कुणा एकाच्या दारात पगारासाठी उभं राहावं लागत नव्हतं. आपल्याकडे वाट वेगळी झाली. कोलकात्यात १८६३ मध्ये मोठा स्फोट झाला, १८६४ मध्ये बंगालनं कायदा केला, आणि तपासणी सरकारच्या हातात गेली. १९२३ चा बॉयलर कायदा त्याच वाटेवरचा. २००७ च्या दुरुस्तीनं सरकारबाहेरच्या सक्षम व्यक्तींनाही दार उघडलं. दार उघडलं ते बरंच झालं, एका निरीक्षकाला कितीसे बॉयलर बघून होणार! पण फीचा प्रश्न त्याच दारातून आत आला.

‘दोष कुणाला तरी ठाऊक असतो’ हे माझं लाडकं वाक्य मी नव्या पोरांना बरीच वर्षं ऐकवत होतो. एकदा एका पोरानंच अडवलं. म्हणाला, “सर, फ्लिक्सबरोला कुणाला ठाऊक होतं?”

आणि मी गप्प झालो. फ्लिक्सबरो हे इंग्लंडच्या लिंकनशर भागातलं गाव. तिथे नायलॉनचा कच्चा माल बनवणारा नायप्रो कंपनीचा कारखाना होता. १९७२ मध्ये त्यांनी विस्तार केला, वर्षाला २०,००० टनांवरून ७०,००० टनांवर, आणि प्रक्रियाही बदलली. नव्या प्रक्रियेत सायक्लोहेक्झेन नावाचा ज्वालाग्राही द्रव सहा मोठ्या भांड्यांतून पायऱ्यांसारखा एकातून दुसऱ्यात उतरत जायचा. मार्च १९७४ च्या शेवटी पाच नंबरच्या भांड्याला सहा फुटांच्या आसपास लांब तडा दिसला. भांडं काढलं. उत्पादन तर थांबवायचं नव्हतं. चार आणि सहा नंबर थेट जोडायचं ठरलं. भांड्यांची तोंडं २८ इंचांची, हाताशी पाइप होता २० इंचांचा. दोन्ही तोंडं वेगळ्या उंचीवर, म्हणून पाइपला मध्ये वाकण द्यावी लागली. दोन्ही टोकांना लवचिक बेलोज. खाली आधार, बांधकामाला परांची बांधतात तसल्या मचाणाचा. या जोडपाइपचं एकमेव ड्रॉइंग वर्कशॉपच्या फरशीवर खडूनं काढलेलं होतं. चाचणी घेतली ती पाण्यानं नाही, वायूनं, आणि तीही सेफ्टी व्हॉल्व ज्या दाबाला उघडायचा त्यापेक्षा कमी दाबावर. एप्रिलच्या पहिल्या तारखेला प्लँट पुन्हा सुरू.

वाकडा पाइप आतल्या दाबानं पिळला जातो, बेलोजवर आडवा जोर येतो, हे कुठलाही मेकॅनिकल इंजिनिअर पाच मिनिटांत सांगेल. पण कारखान्याचा वर्क्स इंजिनिअर वर्षाच्या सुरुवातीलाच सोडून गेला होता आणि त्याची खुर्ची रिकामीच होती. बाकीचे रसायनातले जाणकार होते, कष्टाळू होते, कुणी लबाडी केली नाही. त्यांना फक्त आपल्याला काय कळत नाही तेच कळत नव्हतं. १ जून १९७४, शनिवार, दुपारी ४ वाजून ५३ मिनिटांनी तो पाइप निखळला. सायक्लोहेक्झेनच्या वाफेचा ढग पेटला. २८ माणसं गेली. शनिवार होता म्हणून ऑफिसं रिकामी होती; कामाचा दिवस असता तर आकडा कुठे गेला असता, कल्पनाही नको.

तिथे मामा नव्हता, वॉचमनही नव्हता. विचारणारा आला असता तरी सांगणारं कुणी नव्हतं. अशा ठिकाणी बाहेरच्या इंजिनिअरला खरंच काहीतरी यावं लागतं, नुसता कान देऊन भागत नाही. त्या पोराचे मी आभार मानले, पण जरा उशिरा, दोन-तीन दिवसांनी. राग ओसरल्यावर.

आता शेवटचा, जो मी सहसा सांगत नाही.

पुन्हा साखर कारखाना, पुन्हा विस्तारवाढ, वेगळा जिल्हा. नव्या मिलचा अजस्र गिअरबॉक्स फाउंडेशनवर बसवलेला. फाउंडेशनमध्ये बोल्टसाठी खोल खड्डे सोडतात, पॉकेट म्हणतात. ते साफ, कोरडे करून त्यात न आकसणारा ग्राउट ओततात, तो बोल्टला काँक्रीटशी एकजीव करतो. आदल्या आठवड्यात परतीचा पाऊस झाला होता. मी पाहणी करत असताना एक गवंडी जवळ आला. हातात थापी, नजर दुसरीकडे.

“साहेब, त्या कडंच्या तीन पॉकेटात पानी हुतं. रातीचं काम. तसंच वतलं.”

त्यानं स्वतः येऊन सांगितलं होतं. मी विचारलंही नव्हतं.

हातोडी घेऊन ठोकून बघितलं. दोन ठिकाणी आवाज खणखणीत, तिसऱ्या ठिकाणी बद्द. नीट करायचं म्हणजे गिअरबॉक्स पुन्हा उचलायचा, क्रेन मागवायची, ग्राउट फोडायचा, नवा ओतून पिकू द्यायचा, मग अलाइनमेंट डायल गेजवर पहिल्यापासून. दहा-बारा दिवस. बॉयलरच्या अग्निप्रदीपनाला उरले होते नऊ. पत्रिका वाटून झाल्या होत्या. पाहुणे मुंबईहून येणार होते.

एमडींनी मला केबिनमध्ये बोलावलं. एक शब्द वावगा बोलले नाहीत, उलट खिडकीजवळ नेऊन लांबची शेतं दाखवली. म्हणाले, “बघा साहेब, एवढा ऊस उभा आहे. तुरे यायच्या आत नेला नाही तर शेतकऱ्याच्या हाती काय येणार? तुमचं बरोबर आहे. पण हंगाम संपला की आपण नक्की करू.” ते खोटं बोलत नव्हते. ऊस खरोखर उभा होता. आमच्या कामात समोरचा माणूस लबाड असला की सोपं जातं.

मी नोट लिहिली. ‘हंगामात कंपनांवर लक्ष ठेवण्याच्या आणि हंगामानंतर पुन्हा ग्राउटिंग करण्याच्या अटीवर मान्य.’ इंग्रजीत आम्ही त्याला ‘सब्जेक्ट टू’ म्हणतो. साइटवरच्या कपाटांत असे शेकडो ‘सब्जेक्ट टू’ धूळ खात पडलेले असतात. सही करताना पेन थांबलं नाही, हे मला नीट आठवतं.

जानेवारीत फोन आला. बोल्ट ढिले झाले, अलाइनमेंट गेली, कपलिंग तुटलं. मिल आठवडाभर बंद. नशीब, कुणाला इजा झाली नाही. मी गेलो तेव्हा गेटबाहेर ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि बैलगाड्यांची रांग पार हायवेला लागली होती. ऊस वाळत होता, वजन उतरत होतं. तोडणीवाल्यांच्या टोळ्या फडातच अडकल्या; तोड नाही तर मजुरी नाही. एक बाई गाडीच्या सावलीत भाकरी थापत होती. ऑफिसात माझी फाइल बाहेर काढून ठेवलेली होती. सगळ्यांनी वाचली. अट लिहिलेली होतीच, त्यामुळे मला कुणी काही बोललं नाही. एमडी म्हणाले, “तुम्ही तर लिहून दिलं होतं, साहेब.”

एप्रिलमध्ये मिलचा पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, दुरुस्ती निघाली. गिअरबॉक्स उचलला, ग्राउट फोडला. बद्द वाजणाऱ्या पॉकेटात मध्यावर हाताच्या मुठीएवढी पोकळी होती, आतून गुळगुळीत, पाणी साचून राहिल्यासारखी. तोच गवंडी कामावर होता. मी वाकून बघत असताना तो शेजारी उभा राहिला. मग कँटीनच्या पोराकडून चहा मागवला, एक कप माझ्या हातात दिला.

“आता बरोबर आहे ना सगळं?” मी विचारलं. “या वेळी कोरडे केलेत ना नीट?”

त्यानं पॉकेटकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

“हाय की, साहेब,” म्हणाला, आणि थापी घेऊन पलीकडे गेला.